कोडने बनवलेली एक्सेल किंवा वर्ड फाइल ‘दुरुस्त करू का?’ असं विचारते तेव्हा

लक्षणं

सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवलेलं नाही. लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) वापरून आपला कोड एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सेलची किंवा डॉक्सएक्स म्हणजे वर्डची फाइल तयार करतो, कुठेही एरर येत नाही, फाइल पुढे जाते. मग ज्याला ती मिळाली त्याचा निरोप येतो की फाइल उघडत नाही. नेमकं काय दिसतं ते आधी विचारून घ्या, कारण ‘उघडत नाही’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळे प्रकार असतात.

एक्सेल म्हणतं की मजकुरात अडचण सापडली, जमेल तेवढं परत मिळवू का? ‘हो’ म्हटलं की फाइल उघडते, पण सूत्रं गेलेली असतात, किंवा टेबलचा फिल्टर नाहीसा झालेला असतो. हे सगळ्यात नेहमीचं लक्षण.

वर्ड वाचता न येणारा मजकूर सापडल्याचं सांगतं, किंवा फाइल उघडायलाच नकार देतं.

फाइलचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही असा निरोप येतो आणि दुरुस्तीचा पर्यायसुद्धा मिळत नाही.

तीच फाइल लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचात किंवा फोनवर नीट दिसते. इथे बरेच जण फसतात आणि समोरच्याच्या मशीनवर खापर फोडतात. लिब्रेऑफिस बऱ्याच चुका पोटात घालतं, म्हणून तिथे उघडली म्हणजे फाइल शुद्ध आहे असं होत नाही.

उलट बाजूनेही हे घडतं: बाहेरून आलेली फाइल आपला कोड वाचायला जातो आणि ‘ही झिप फाइल नाही’ म्हणून थांबतो (ऑफिसची फाइल आतून झिप असते, ते पुढे येईल). एक्सेलमध्ये मात्र ती बिनतक्रार उघडते.

आणि रोज शंभर फाइली बनत असतील तर त्यातली एखादीच अशी निघते. ही एखादीच निघणं फार मोलाची खूण आहे. कोड सगळ्यांसाठी सारखाच चालला, म्हणजे फरक बहुधा डेटात आहे.

एक तक्रार मात्र या बिघाडात मोडत नाही: फाइल नीट उघडते, पण सूत्राच्या जागी कोडला काहीच मिळत नाही. ओपनपायएक्सएलसारखी पायथनची लायब्ररी सूत्र लिहिते, गणित करत नाही. उत्तर फाइलमध्ये साठवण्याचं काम एक्सेल किंवा लिब्रेऑफिस करतं. त्यांनी ती फाइल एकदाही उघडून सेव्ह केली नसेल तर वाचायला उत्तरच नसतं. त्यासाठी पुढची तपासणी करू नका.

अहवाल, बिलं, पत्रं कोडने बनवणं हे माझं रोजचं काम आहे. सुरुवातीला असा फोन आला की मी थेट कोडमध्ये शिरायचे. एकदा दोन दिवस सूत्रं तपासण्यात गेले आणि फाइल बिघडत होती डाउनलोड होताना. तेव्हापासून मी बाहेरून आत जाते: आधी बाइट्स, मग झिप, मग मजकूर, शेवटी मांडणीचे नियम.

‘दुरुस्त करा’ दाबण्याआधी

ज्याच्याकडे फाइल आहे त्याला सांगा की दुरुस्त झालेली फाइल सेव्ह करू नका आणि पुढे पाठवू नका. दुरुस्ती म्हणजे एक्सेलला जे समजलं नाही ते त्याने काढून टाकलं. उरलेली फाइल नीटनेटकी दिसते, तिच्यातली अपुरी बेरीज कुणाच्या तरी हिशोबात जाऊन बसते, आणि महिन्याभराने कुणालाच आठवत नाही की त्या फाइलमधून काहीतरी गळलं होतं. माझ्या लेखी फाइल अजिबात न उघडणं यापेक्षा बरं. मूळ फाइल मागवा, तिची प्रत काढा, आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा.

मग त्या प्रतीवर दुरुस्ती करून येणारा निरोप पूर्ण वाचा. काय काढलं आणि कुठून काढलं हे एक्सेल सांगतं: अमुक शीटमधून सूत्र काढलं, अमुक टेबल दुरुस्त केलं, ड्रॉइंगचा भागच काढून टाकला. सोबत तात्पुरत्या फोल्डरमधल्या लॉग फाइलचा दुवा असतो. वर्डमध्ये तपशिलाचं बटण दाबलं की फाइलच्या आतल्या कोणत्या भागात अडलं ते कळतं, कधी ओळ आणि स्तंभसुद्धा. लोक ही खिडकी घाईघाईने बंद करतात. स्क्रीनशॉट मागून घ्या. पुढच्या निम्म्या पायऱ्या त्याने वाचतात.

ही फाइल खरंच ती फाइल आहे का

ऑफिस २००७ बरोबर आलेल्या डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स या फाइली म्हणजे झिप गठ्ठे असतात आणि आत एक्सएमएलच्या, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या, लहान-मोठ्या फाइली असतात. हे स्वरूप डिसेंबर २००६ मध्ये एक्मा-३७६ म्हणून आणि २००८ मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० म्हणून प्रमाणित झालं. नियम छापील आणि उघडे आहेत म्हणूनच ऑफिस नसताना आपण या फाइली लिहू-वाचू शकतो.

तर आधी फाइलचा आकार बघा. शून्य बाइट असेल तर पुढे वाचायची गरज नाही. मग हेक्स, म्हणजे फाइलचे बाइट आकड्यांत, दाखवणाऱ्या कुठल्याही साधनात पहिले काही बाइट पाहा. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या दोन रोमन अक्षरांनी सुरू होते. झिपचं स्वरूप तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं.

त्याऐवजी ‘<’ दिसलं तर तुमच्या हातात बहुधा वेबपेज आहे. लॉगिनची मुदत संपली, सर्व्हरने लॉगिनचं किंवा एररचं पान परत दिलं, आणि कोडने तेच एक्सएलएसएक्स नावाने ठेवून दिलं. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, आतला एरर सरळ वाचता येईल.

डी०, सीएफ, ११, ई० असे चार बाइट दिसले तर तो ऑफिसचा जुना डबा, म्हणजे २००७ आधीच्या फाइलींचं स्वरूप आहे. त्यात दोन शक्यता. एक म्हणजे फाइल खरोखर जुनी एक्सएलएस किंवा डॉक आहे आणि कुणीतरी फक्त नाव बदललं. तिच्यासाठी लायब्ररी वेगळी लागते, आणि जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ एवढंच मावतं. दुसरी शक्यता फार कमी जणांना सुचते: फाइल पासवर्डने बंद केलेली आहे. पासवर्ड लावलेली एक्सएलएसएक्स झिप राहत नाही, एन्क्रिप्ट होऊन या जुन्या डब्यात जाते. एक्सेल पासवर्ड विचारून उघडतं आणि आपला कोड ‘झिप नाही’ म्हणतो, त्याचं कारण हे. पाठवणाऱ्याकडून पासवर्ड घ्या किंवा पासवर्ड काढून फाइल मागा. एका फोनची गोष्ट आहे.

वाटेत बिघडली का

सर्व्हरच्या डिस्कवर फाइल ठेवा, समोरच्याला मिळालेली फाइल परत मागवा, आणि दोन्हींचा चेकसम, म्हणजे बाइट्सवरून निघणारा ओळख-आकडा, काढा. आकडे जुळले नाहीत तर फाइल वाटेत बदलली, दोष आधी तिथे शोधा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि निम्म्या वेळा प्रकरण इथेच संपतं, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

आकडे वेगळे आले तर दोष कुठे शोधायचा? मिळालेली फाइल मूळ फाइलपेक्षा बरीच फुगली असेल आणि आत ईएफ, बीएफ, बीडी हे तीन बाइट वारंवार दिसत असतील, तर मधल्या कुणीतरी बाइट्सना यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) मजकूर समजून वाचलं. न समजलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी ते तीन बाइट आले, मूळचं परत मिळणार नाही. फाइल बायनरी म्हणूनच वाचा आणि पाठवा. साधारण एक तृतीयांशाने वाढली असेल आणि आत फक्त अक्षरं-अंक असतील, तर बेस६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडायचं राहून गेलं.

शेपटीला शून्यांची रांग असेल तर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये मेमरी-स्ट्रीमचा पूर्ण बफर, म्हणजे राखून ठेवलेली सगळी जागा, उचलला गेला. भरलेला भाग तेवढाच देणारी पद्धत वापरा. शेपूट तुटलेली असेल तर स्ट्रीम बंद व्हायच्या आधीच फाइल पाठवली. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून शेवटचे काही बाइट गेले तरी सगळा गठ्ठा निकामी होतो. एक्सएलएसएक्सरायटर ही लायब्ररी वापरत असाल तर शेवटी वर्कबुक बंद करणारी ओळ आहे ना ते बघा. ती राहिली तर फाइल पूर्ण होतच नाही.

झिपचा गठ्ठा

झिपची तपासणी करणाऱ्या कोणत्याही साधनाने गठ्ठा तपासा. लायब्ररीने बनवलेल्या फाइलमध्ये इथे क्वचितच काही सापडतं. पण तुम्ही टेम्पलेट (आधी तयार ठेवलेली नमुना-फाइल) उलगडून, आतलं एक्सएमएल बदलून पुन्हा झिप करत असाल तर इथे थांबून बघाच. कोणता भाग कोणत्या प्रकारचा हे सांगणारी ‘कन्टेन्ट टाइप्स’ ही फाइल गठ्ठ्याच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. फोल्डरवर उजवी क्लिक करून झिप केलं की सगळं एका फोल्डरच्या आत जातं आणि वर्डला ती सापडत नाही. फोल्डरच्या आत जाऊन, सगळं निवडून झिप करा. डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६.१ आधीच्या आवृत्त्या मार्गांत उलटी तिरकी रेघ घालायच्या. जुन्या प्रकल्पात हेही कारण निघू शकतं.

मजकूर

एखादीच फाइल बिघडते त्याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं. बिघडलेल्या फाइलचा डेटा घ्या, अर्ध्या ओळी गाळून फाइल बनवा आणि उघडा. उघडली तर दोष गाळलेल्या अर्ध्यात आहे. असं निम्मं-निम्मं करत गेलात तर हजार ओळींमधली दोषी ओळ दहा वेळांत हाती लागते. ओळ समोर आली की कारण ओळखायला वेळ लागत नाही.

माझ्या अनुभवात पहिला मान ‘=’ चिन्हाचा. कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात ‘== मंजूर ==’ असं लिहिलेलं असतं. ओपनपायएक्सएल ‘=’ ने सुरू होणारा मजकूर सूत्र धरते, एक्सेलला ते सूत्र कळत नाही, आणि ते काढून टाकलं जातं. माणसांनी टाइप केलेला प्रत्येक रकाना लिहिताना सेलचा प्रकार मजकूर असा ठरवून द्या. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे: बाहेरच्या माणसाने लिहिलेलं सूत्र तुमच्या अहवालात चालू नये. खरी सूत्रं लिहिताना फंक्शनची नावं इंग्रजी आणि मधलं विरामचिन्ह स्वल्पविराम हवं, मग तुमच्या एक्सेलमध्ये अर्धविराम दिसत असला तरी. अर्धविराम घातलेलं सूत्र फाइलमध्ये गेलं की दुरुस्तीचा प्रश्न आलाच.

दुसरा दोष न दिसणारा आहे. एक्सएमएल १.० मध्ये ० ते ३१ या क्रमांकांच्या नियंत्रण-अक्षरांपैकी फक्त तीन चालतात: ९, १० आणि १३, म्हणजे टॅब आणि ओळ बदलणारी दोन. वर्डमधून किंवा जुन्या डेटाबेसमधून चिकटवलेल्या मजकुरात ११ क्रमांकाचं अक्षर येतं, पडद्यावर दिसत नाही, आणि फाइल अडते. ओपनपायएक्सएल असं अक्षर दिसताच एरर देऊन थांबते. ही तिची चांगली सवय आहे. तो एरर गिळून टाकू नका, मजकूर लिहिण्याआधी ही अक्षरं गाळा. हाताने एक्सएमएल जोडणाऱ्या कोडमध्ये असा पहारा नसतो. त्याच कोडमध्ये ‘&’ आणि ‘<’ ही चिन्हंही तशीच्या तशी जातात आणि वर्डचं टेम्पलेट भरताना सगळी फाइल बंद पडते. नावांच्या यादीत एखादी ‘अमुक & कंपनी’ निघाली की हे हमखास होतं.

आकड्याच्या जागी ‘आकडा नाही’ किंवा ‘अनंत’ हे मूल्य जाऊ देऊ नका. शून्याने भागाकार झाला की ते तयार होतं. एक्सएलएसएक्सरायटर ते लिहायला सरळ नकार देते, पण प्रत्येक लायब्ररी एवढी कडक नसते.

मग मर्यादा. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ. एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं. सूत्राची लांबी ८,१९२. ड्रॉपडाउनची यादी थेट लिहिली तर २५५ अक्षरं, त्याहून मोठी यादी सेलमध्ये ठेवून तिचा संदर्भ द्यावा.

शीटच्या नावावर थोडं थांबते, कारण मराठी नावं देणाऱ्यांना हा दोष जास्त छळतो. नावाला ३१ अक्षरांची मर्यादा आहे, पण एक्सेल अक्षर मोजतं ते आपल्यासारखं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘कर्मचाऱ्यांची मासिक उपस्थिती यादी’ हे नाव डोळ्यांना जागा धरून सतराच अक्षरांचं दिसतं, मोजणीत ते ३३ भरतं. ओपनपायएक्सएल इथे फक्त इशारा देते आणि फाइल बनवून टाकते. नाव कोडने ३१ वर कापलंत तर दोन नावं सारखी होण्याचा धोका आहे, आणि एका वर्कबुकमध्ये एकच नाव दोन शीटना चालत नाही. रोमन नावांत लहान-मोठ्या लिपीचा फरकही धरला जात नाही. शिवाय तिरक्या रेघा, चौकटी कंस, विसर्गचिन्हासारखं कोलन, तारा आणि प्रश्नचिन्ह नावात वर्ज्य आहेत. तारीख तिरक्या रेघेने लिहून शीटचं नाव करायची सवय असेल तर ती सोडा.

मांडणीचे नियम

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि प्रत्येक फाइल बिघडत असेल, तर एक्सएमएल वाचता येतं पण नियमात बसत नाही. हे तपासायला जास्त वेळ लागतो. एक्सेलमध्ये मी या क्रमाने बघते. जोडलेल्या सेलचे दोन पट्टे एकमेकांवर चढलेत का? ओळींच्या लूपमध्ये मोजणी एकाने चुकली की चढतात. टेबलचं शीर्षक आणि सेलमधला मजकूर तंतोतंत एक आहे का, आणि ते मजकूरच आहे ना? शीर्षकात २०२४ हा आकडा म्हणून लिहिला की एक्सेल टेबल नाकारू शकतं; तो मजकूर म्हणून लिहा. दोन शीर्षकं सारखी नकोत, टेबलच्या नावात जागा नको. टेबलला स्वतःचा फिल्टर असतो, त्याच पट्ट्यावर शीटचाही फिल्टर लावला तर भांडण होतं.

वर्डमध्ये एक नियम लक्षात ठेवा: टेबलच्या प्रत्येक सेलमध्ये शेवटी एक परिच्छेद असलाच पाहिजे, रिकामा का होईना. ‘सेल साफ करू’ म्हणून कोडने सगळे परिच्छेद काढले की फाइल गेली. सेलमध्ये दुसरं टेबल बसवलं असेल तर त्याच्या मागेही परिच्छेद हवा.

घटकांचा क्रमही ठरलेला आहे. शीटच्या एक्सएमएलमध्ये डेटा, मग संरक्षण, मग फिल्टर, मग जोडलेले सेल, मग सशर्त रंगरंगोटी, मग डेटाची पडताळणी. क्रम बदलला तर प्रत्येक घटक बरोबर असूनही एक्सेल अडतं. हाताने एक्सएमएल घुसवणाऱ्यांनी इथे सर्वांत जास्त मार खाल्ला आहे.

डोळ्यांनी सापडत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ओपन एक्सएमएल एसडीके हा प्रोग्रामरांसाठीचा साधनसंच वापरा. ते २०१४ पासून मुक्त स्रोत आहे, डॉटनेटवर चालतं, त्याला ऑफिस लागत नाही, आणि त्यातला तपासनीस नियम कुठे मोडला ते भागाच्या नावासकट सांगतो. त्याने ‘चूक नाही’ म्हटलं तरी एक्सेल अडू शकतं, पण त्याने दाखवलेली चूक सोडून पुढे जाऊ नये. मी तो रोजच्या चाचण्यांत बसवला आहे, त्यामुळे फाइल बाहेर जाण्याआधीच बरेच दोष पकडले जातात.

टेम्पलेट

शेवटी टेम्पलेटवर संशय घ्या. तेच टेम्पलेट काहीही न बदलता फक्त उघडून सेव्ह करणारा तीन ओळींचा कोड लिहा. तेवढ्यानेच फाइल बिघडली, तर तुमच्या कोडचा संबंध नाही. लायब्ररीला जे कळत नाही ते ती वाचताना गाळते. ओपनपायएक्सएलमध्ये शीटवरच्या आकृत्या जातात, आणि मॅक्रो (फाइलमधले छोटे प्रोग्राम) ठेवायला वेगळं सांगितलं नाही तर मॅक्रोही जातात. अशी फाइल पुन्हा एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रोवाल्या फाइलच्या, नावाने ठेवली की एक्सेल उघडत नाही. टेम्पलेटमधल्या गोष्टी एकेक काढत जा आणि कोणती काढल्यावर फाइल सुधारते ते बघा. कधी टेम्पलेट कोऱ्या फाइलमधून नव्याने रचणं हाच कमी खर्चाचा मार्ग असतो.

कुठे थांबायचं

फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर हात लावू नका. स्वाक्षरी झालेला भाग जरासा बदलला तरी ती अवैध होते. ज्याने सही केली त्याच्याकडूनच नवी फाइल घ्या.

बिघडलेली फाइल ही डेटाची एकमेव प्रत असेल, तर पहिल्या प्रयोगाआधीच थांबा आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्या. फाइलवर संस्थेचे वापराचे निर्बंध असतील तर ते लावणाऱ्या विभागाशी बोला. पळवाट शोधू नका. दुरुस्तीचा निरोप पिव्होट टेबलच्या साठवणीवर किंवा मॅक्रोच्या भागावर बोट ठेवत असेल आणि टेम्पलेट नव्याने रचणं शक्य नसेल, तर हे स्वरूप आतून जाणणाऱ्या माणसाला बोलवा. वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही दोन दिवसांत कारण सापडलं नाही, तरी बोलवा. एक्सएमएल हाताने कापत बसणं धोक्याचं आहे, कारण फाइल उघडायला लागते आणि आकडे चुकीचे राहतात.

‘सर्व्हरवर ऑफिसच बसवू’ हा सल्ला अशा वेळी कुणीतरी देतंच. माणूस समोर नसताना सर्व्हरवर ऑफिस चालवण्याची शिफारस मायक्रोसॉफ्ट स्वतः करत नाही आणि त्याला आधारही देत नाही. एखादी खिडकी ‘ठीक आहे’ची वाट बघत उघडी राहते आणि सगळी रांग तुंबते.

जाणकाराला किंवा लायब्ररी सांभाळणाऱ्यांना देताना चार गोष्टी द्या: टेम्पलेट, न दुरुस्त केलेली बिघडलेली फाइल, एक्सेलचा लॉग, आणि लायब्ररीची नेमकी आवृत्ती. फाइल निम्मी-निम्मी करत जितकी लहान करता येईल तितकी करा. लोकांची नावं, पगार, खाते क्रमांक काढून त्यांच्या जागी खोटा मजकूर भरा, आणि तसं केल्यावरही ती फाइल बिघडलेलीच राहते ना, ते पाठवण्याआधी एकदा उघडून पाहा.